न घेतलेलं सांत्वन

“शेजारी म्हणजे ज्याची भिंत आपल्या भिंतीला लागली तो. त्याला आपल्या जिवासारखं जपायचं. म्हणा, पोरींनो!”

पोरींना शिकवणाऱ्या आंधळ्या मुअल्लिम किर्याकोसचा आवाज रिकाम्या रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा घुमायचा. चर्चच्या मागच्या खोलीत चटईवर नग अल-तूत गावच्या पोरी बसलेल्या असायच्या, नाकं पुसत, एकमेकींच्या वेण्या ओढत. एकदा छोट्या फबरोनियानं हात वर केला. आंधळ्यापुढे हात वर करून उपयोग नाही हे ध्यानात आल्यावर ती उठून उभी राहिली.

“मुअल्लिम, आमच्या घराला दोन भिंती लागल्यात. एकीकडची बाई आमच्या कोंबड्या पळवते. दुसरीकडचीला जपलं तर भागेल का?”

पोरी फिदीफिदी हसल्या. म्हाताराही हसला, मिटल्या पापण्यांतून पाणी येईतो हसला.

“दुसरीकडचीला तर मांजरसुद्धा जपेल, बाळ. येशूनं तुला सांगितलंय ते कोंबडीवालीचं.”

त्या गोष्टीला जन्म लोटला. मुअल्लिम नदीपलीकडच्या वाळूत कधीचा जाऊन निजला. फबरोनियाच्या केसांत आता काळं काही उरलं नव्हतं आणि अंगावर काळ्यावाचून काही नव्हतं. पण तो आवाज अजून अधूनमधून कानाशी यायचा. आला की ती पाठ वळवायची, नकोशा पाहुण्याकडे वळवावी तशी.

पाठ वळवली की समोर भिंत. मातीच्या विटांची, हातभर जाड, आणि तरी कानाला कापडासारखी पातळ. भिंतीपलीकडे शरबातचं घर. शरबात पीठ मळते कधी, कबुतरांना दाणे टाकते कधी, तिचा नवरा अरमानियूस खोकतो कधी, सगळं फबरोनियाला इकडे बसल्या जागी कळायचं. आणि कळायची ती पावलं. दारापासून मागच्या भिंतीपर्यंत, मागच्या भिंतीपासून दारापर्यंत. घाण्याच्या बैलाला निदान गोल फिरायला मिळतं. शरबातचा लेक मेगल्ली नुसता जायचा आणि यायचा.

याच मेगल्लीच्या हातून फबरोनियाचा थोरला, वनीस, गेला होता.

दोघं एकाच अंगणात रांगले होते. संतांच्या जत्रेत दोघांच्या मनगटांवर एकाच दिवशी क्रूस गोंदला गेला, आणि दोघं एकमेकांना पाहून असे केकाटले की गोंदणाऱ्यानं कानात बोटं घातली. मोठे झाले, जमिनी लागूनच, पाटही एकच. त्या उन्हाळ्यात पाट आटला. पाणी आज कुणाचं, यावरून शब्दाला शब्द लागला, शब्द संपले तेव्हा हातात कुदळ होती. मेगल्लीला मारायचं नव्हतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. वनीस मेला, हेही सगळ्या गावाला ठाऊक होतं.

शहरातून सरकारी साहेब आला. फबरोनियाचा नवरा आधीच वारला होता, म्हणून त्यानं तिच्या दिराला, कुल्ताला, विचारलं, “तुमचा संशय कुणावर?”

“कुणावर नाही, साहेब,” कुल्ता म्हणाला. “देवाची मर्जी.”

साहेबानं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. तो याच मुलखात बदली होऊन मुरलेला होता, त्याला त्या वाक्याचा अर्थ कळत होता. ज्यांनी पाहिलं होतं त्यांनीही काही पाहिलं नव्हतं. त्यानं मेगल्लीला सोडून दिलं. नग अल-तूतमध्ये मेलेल्याचं घर कुणावर आरोप करत नाही ते याच्यासाठीच, की माणूस सरकारच्या तावडीतून सुटून आपल्या तावडीत यावा.

सुटलेला मेगल्ली घरात शिरला तो शिरला. त्याच्या डोक्यावरून आता तिसऱ्या वर्षीचा ऊस तुटून गेला होता.

आणि कोंडलं गेलं ते एकट्या मेगल्लीचं घर नव्हतं. ज्या घरचा माणूस मारला गेला त्या घरानं रक्ताला रक्त मिळेपर्यंत सांत्वन घ्यायचं नसतं. लोक दाराशी येऊन “त्याचं उरलेलं आयुष्य तुला लाभो” म्हणतात, आणि घरच्यांनी “तुझं आयुष्य उरो” असं उत्तर दिलं की संपलं, मयत मयत झालं, कुणाचं कुणाकडे काही राहिलं नाही. म्हणून ते उत्तर द्यायचं नाही. आईनं तर मुळीच नाही. आईच्या तोंडून ते गेलं तर मग पुरुषांनी बंदूक कुणासाठी उचलायची? वनीसला पुरलं त्या दिवशी शरबात डोईवर पदर न घेता ताट घेऊन दाराशी आली होती. चेहरा मातीचा झालेला. तिनं ते शब्द म्हटलेही होते. कुल्तानं पायानं ताट उडवलं, मसुराची आमटी गल्लीभर झाली, आणि त्याच्या पाठीमागे फबरोनिया ओठ दाबून उभी राहिली. कोंबड्यांनी आमटी टिपली.

तेव्हापासून तिनं ओठ दाबलेलेच होते. गावात मयताची गाणी तिच्यासारखी कुणाला म्हणता येत नसत. चर्चचे पाद्री अबूना मत्ताऊस दर उपासाच्या आधी वेदीवरून सांगायचे की ही गाणी ख्रिस्ती माणसाला शोभत नाहीत, आणि कुणी गेलं, फबरोनियानं गळा काढला, की सगळ्यांत आधी अबूनांचीच दाढी ओली व्हायची. पण रक्त मिळेपर्यंत आपल्या मुलासाठी गळाही काढायचा नसतो. एक ओळ तिच्या घशाशी येऊन थांबली होती:

माझ्या लेकाच्या केसांत ओल्या पाटाचा गं गाळ...

तिला जोडीची ओळ तिनं येऊ दिली नव्हती.

पवित्र भोजनालाही ती जात नव्हती. चर्चमध्ये बायकांच्या बाजूला शेवटच्या खांबामागे बसायची आणि सगळ्या पुढे निघाल्या की उठून घरी यायची. “वेदीपाशी येण्याआधी भिंतीपाशी जाऊन ये, उम्म वनीस,” अबूना एकदा, वनीसची आई अशी तिला हाक मारून, म्हणाले होते.

“तुमच्या भिंतीला चर्च लागलंय, अबूना,” ती म्हणाली होती. “तुम्हाला सोपं आहे.”

घरी येऊन तिनं तसबिरीतल्या येशूलाही तेच सुनावलं होतं. “सांगून मोकळा झालास. तुझी शेजारीण शरबात नव्हती.”

*

मोठ्या उपासाचे दिवस. त्या सकाळी वाळवंटाकडून तापलेला वारा सुटला होता, आभाळ पितळी झालं होतं. फबरोनियानं पीठ उन्हात फुगायला ठेवलं आणि थबकली. काहीतरी कमी होतं.

खोकला. हिवाळाभर चाललेला अरमानियूसचा खोकला थांबला होता. पावलंही थांबली होती.

मग पलीकडे हुंदका आला, पण अर्धाच, तोंडावर हात दाबून तोडलेला. फबरोनियाला तो हात दिसल्यासारखा झाला. शरबात ओरडत नव्हती. ओरडली तर गल्लीला कळेल, गल्लीला कळलं तर कुल्ताला. आणि नवरा मेला असताना बाई किती वेळ ओरडायची राहील? थोड्या वेळानं भिंत हादरावी तशी किंकाळी आलीच.

कुल्ता आला तो अंगणातूनच बोलत. गलाबियाच्या झग्याचा घोळ एका हातानं धरलेला, त्याखाली लांबोडकं काही.

“देवानं दार उघडलं, वहिनी! म्हातारा गेला. आता बघू, बापाला खांदा द्यायला बाहेर पडतो का बिळातच राहतो. यानी! कुठाय तो?”

यानी, तिचा धाकटा, चुलीपाशी उकिडवा बसला होता. अलेक्झांड्रियात एका भट्टीवर तो पाव भाजायचा. तिथं एक मुलगीही ठरल्यासारखी होती. कुल्तानं त्याला बोलावून आणलं, पळालेल्या कर्जदाराला परत आणावं तसं, आणि मग परत जाऊ दिलं नाही. भावाचं रक्त उघडं असताना लग्न कसलं करतोस, पाव कसले भाजतोस? तोही आला तेव्हापासून कोंडलेलाच. फरक इतकाच की मेगल्लीचं दार आतून बंद होतं आणि यानीचं बाहेरून.

“ऊठ,” कुल्ता म्हणाला. “समोरच्या ओट्यावर बसायचं. तू आणि मी. प्रेताला हात लावायचा नाही, आपण काही रानटी नाही. प्रेत जाऊ दे पुढे. पण त्याच्याखाली जो खांदा असेल तो आपला.”

“काका, मयताच्या दिवशी...”

“मग कुठल्या दिवशी? त्याच्या वाढदिवसाला?” कुल्तानं बंदूक काढून त्याच्या मांडीवर ठेवली. “भाऊ तुझा. आईच्या तोंडाकडे काय बघतोस? तिनं एवढी वर्षं काळं नेसलंय ते काय रंग आवडतो म्हणून?”

यानीनं खरंच आईच्या तोंडाकडे पाहिलं. फबरोनियानं पिठावरची माशी हाकलली.

कुल्ता ओट्याकडे गेल्यावर यानी हळूच म्हणाला, “आई, मला जमायचं नाही गं.”

“मग सांग तसं काकाला.”

“काय सांगू? जमत नाही म्हणालो तर उद्यापासून गावात मला बांगड्या भरतील. तू सांग ना. तू ‘नको’ म्हणालीस तर...”

“मी ‘नको’ म्हटलं तर म्हणतील, आईनं पोराचं रक्त विकलं.”

“मग?”

मग काही नव्हतं. दोघं एकाच चुलीपाशी बसून होते आणि प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्यानं बोलावं. यानीच्या हातांवर पावाच्या भट्टीचे जुने चटके होते, गोल गोल, पांढरे. त्या हातांत बंदूक अशी दिसत होती, जशी दुसऱ्याचं मूल कुणी घटकाभर धरायला दिलं असावं. तो उठला आणि बाहेर गेला. तिनं अडवलं नाही. एक मुलगा तिनं अडवायच्या आत गेला होता. हा तिच्या डोळ्यांदेखत चालत निघाला होता आणि तिच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. आज पेटीखालचा माणूस पडला की उद्या शरबातचे भाचे यानीसाठी ओटा शोधतील. मग यानी या घरात फिरेल, दारापासून मागच्या भिंतीपर्यंत. आणि पलीकडून शरबात त्याची पावलं ऐकेल.

*

गल्ली दुपारपर्यंत रिकामी झाली. लोकांनी कवाडं ओढून घेतली आणि फटींना डोळे लावले. सुतारानं शवपेटी आणली, दाराशी टेकवली आणि पैसेसुद्धा न मागता सटकला. नदीवर नाव थांबली होती. पलीकडच्या तीरावर डोंगराच्या पायथ्याशी पुरायचं, ते दिवस मावळायच्या आत. या उकाड्यात मयत रात्रभर ठेवणं शक्य नव्हतं. पण पेटी उचलायची कुणी? मेगल्लीबरोबर खांदा लावायचा म्हणजे गोळीच्या वाटेत मान द्यायची.

अबूना मत्ताऊस घामाघूम होऊन आले. आधी आत जाऊन आले, मग ओट्याकडे वळले.

“कुल्ता, मयत तुमच्या जातीचं, तुमच्या चर्चचं. घटकाभर उठा इथून.”

“अबूना, बसा की. सावली आहे.”

“मी सावलीला नाही आलो.”

“आम्ही मयताला नमस्कार करू. अरमानियूस भला माणूस होता. माझ्या भावाच्या लग्नात त्यानं ढोल वाजवला होता.” कुल्ता सरकून बसला. “मयताशी आमचं भांडण नाही.”

“आणि येशूशी?”

“येशूला म्हणावं, वनीसला उठवून दे. मी आत्ता उठतो.”

अबूना यानीकडे वळले. यानी मान खाली घालून आपल्या अंगठ्याकडे पाहत होता.

इकडे फबरोनिया कान लावायची गरज नसलेल्या भिंतीपाशी उभी होती. पलीकडे धडधड चालली होती. मुठी लाकडावर पडत होत्या.

“आई, दार उघड! आई! बापाला खांदा द्यायचाय मला. मारतील तर मारू दे, पण हे दार उघड!”

शरबातनं मुलाला धान्याच्या खोलीत कोंडलं होतं. बाहेर कडी घालून ती कडीशीच बसली असावी, कारण तिचा आवाज अगदी जवळून, जमिनीलगत येत होता. “नाही उघडत. तो गेला. तुला नाही जाऊ द्यायची. ओरड तू. ओरड.”

“तो तिथं एकटा पडलाय, आई! लोक काय म्हणतील? पोटचं पोर असून...”

“म्हणू दे. लोकांना म्हणायला काय लागतं!”

धडधड वाढली, मग कमी झाली, मग एक मोठ्या माणसाचं रडणं सुरू झालं, पाण्यात बुडणाऱ्यासारखं. फबरोनियाला हे रडणं ओळखीचं होतं. जत्रेत गोंदताना हे पोर असंच रडलं होतं.

तिला त्याचा राग होता. तो राग तिनं मेलेल्या मुलाइतकाच जपला होता, रोज न्हाऊ घातला होता. आताही तो तिथंच होता, शाबूत. पण त्याच्याशेजारी हे दुसरं येऊन बसलं होतं: पलीकडे चूल थंड आहे. मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत. पहिलं ताट भिंतीला भिंत लागलेल्या घरातून जातं. ते ताट अजून गेलं नव्हतं, कारण ती भिंत फबरोनियाची होती.

तिनं मसूर धुवायला घेतला.

*

कांदा तळल्याचा वास गल्लीत गेला तसा कुल्ता दारात आला.

“काय शिजवतेस?”

“मसूर.”

“कुणासाठी?”

“शेजारच्या घरी आज चूल नाही पेटायची, भाऊजी.”

कुल्ता आधी हसला. मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकलं, आणि तो जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, “तू तर आमच्याहून पोचलेली निघालीस. तुझ्या हातात ताट बघून ती दार उघडणार. उघड्या दारातून मग...” त्यानं बोटानं गल्लीकडे दाखवलं. “जा. जरा पुरतं उघडेस्तोवर उभी राहा म्हणजे झालं.”

फबरोनियाच्या हातातला डाव पातेल्याच्या काठावर आपटला. तिनं ताट नेलं तर ते मेगल्लीच्या दाराची किल्ली होणार. नाही नेलं तर मयत तिथंच सडणार. चारही बाजूंनी भिंत. आणि त्या चारही भिंती मातीच्या नव्हत्या, गावानं एकेक तोंड बंद ठेवून बांधलेल्या होत्या. तिच्या तोंडाची वीट सगळ्यांत तळाशी होती.

“जाते,” ती म्हणाली.

तिनं ताटात आमटीचा वाडगा ठेवला, वर तळलेला कांदा, बाजूला उन्हात फुगलेल्या तीन भाकरी. तूप नव्हतं, उपासाचे दिवस. डोक्यावर ताट घेऊन ती उंबरा ओलांडून गल्लीत आली, तशी फटींमागे शेजाऱ्यांचे श्वास थांबले. वारा वाळू फेकत होता. पेटी दाराशी टेकलेली, अबूना तिच्यावर हात ठेवून उभे. ओट्यावर यानी. त्याचा चेहरा असा झाला होता, जणू त्याला कुणी मारायला नेत असावं.

तिला आपल्या दारापासून शेजारच्या दाराशी जायला वेळ असा किती लागणार! पण तेवढ्यात तिच्या ओठांवर आपोआप गाणं आलं. वनीसचं नाही, अरमानियूसचं. ज्यानं तिच्या लग्नात ढोल वाजवला, ज्याला तिनं वनीस गेल्यापासून पाणीही विचारलं नव्हतं, त्याचं. दाबलेला गळा फाटून आवाज आला, जुनाट, गंजलेला.

नाव लागली काठाला, नावाड्याला झाली घाई,
घरधनी निघाले गं, पायी वहाणही नाही.

अबूनांनी दाढी वळवली. पलीकडे कुठंतरी एका बाईला हुंदका फुटला आणि कुणीतरी तिला गप्प केलं.

“शरबात,” फबरोनियानं दारावर थाप मारली. “अगं शरबात, मी आहे. फबरोनिया. दार उघड.”

आतून, अगदी दाराजवळून आवाज आला. “काय हवंय?”

“काही नको. घेऊन आलेय.”

“माझं पोर हवं असेल तुम्हाला. मी नाही द्यायची.”

“तुझं पोर कोंडलेलंच राहू दे. तू उघड. माझी मान दुखतेय, ताट जड आहे, आणि आमटी वाळूनं भरली तर तू म्हणशील फबरोनियाला शिजवता येत नाही.”

कडी निघाली. दार वितभर उघडलं. शरबात किती म्हातारी झाली होती! रोज ऐकू येणारी बाई इतकी म्हातारी झाल्याचं कानांनी कधी सांगितलंच नव्हतं. तिनं ताटाकडे पाहिलं, मग फबरोनियाकडे, आणि तिथंच उंबऱ्यावर बसली.

फबरोनियाही बसली. ताट दोघींच्या मधे. तिची पाठ आता ओट्याकडे होती आणि उघड्या दाराची फट तिच्या पाठीनं भरली होती.

“अरमानियूसचं उरलेलं आयुष्य तुला लाभो, शरबात,” तिनं म्हटलं. मोठ्यानं म्हटलं.

शरबातचे ओठ हलले. “तुझं... तुझं आयुष्य उरो.” एवढं म्हणून ती रडायला लागली.

रीत झाली होती. कुल्ता ओट्यावरून खाकरला. “वहिनी, झालं तुझं. सरक आता.”

फबरोनिया सरकली नाही. तिनं शरबातचा हात धरला. तो हात कणीक मळणारा, तिच्यासारखाच.

“आता माझं म्हण,” ती म्हणाली.

“काय?”

“माझ्या घरी आली होतीस तेव्हा म्हणाली होतीस ते. मी घेतलं नाही. पुन्हा म्हण.”

शरबातनं घाबरून तिच्या खांद्यावरून ओट्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं. कुल्तालाही कळलं. त्याच्या चपलांचा आवाज झाला.

“वहिनी! तोंड उघडशील तर याद राख! यानी, ऊठ! ओढ तिला तिथून!”

यानी उठला. उठून तिथंच उभा राहिला. “मी आईला हात नाही लावायचा, काका,” तो म्हणाला. “तुम्ही लावणार असाल तर आधी माझ्या अंगावरून जा.”

“म्हण, शरबात,” फबरोनिया म्हणाली. “मोठ्यानं. गल्लीला ऐकू जाऊ दे. दाराच्या फटींत सगळे कान लावून बसलेत, फुकट बसायला नको.”

शरबातनं डोळे पुसले. मग लहान पोरीनं चटईवर धडा म्हणावा तसं, एकेक शब्द मोजून ती म्हणाली, “वनीसचं... उरलेलं आयुष्य... तुला लाभो, बाई.”

आता नुसतं उत्तर राहिलं होतं. फबरोनियानं तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. आजवर तिला वाटायचं, ती गावाला भिऊन गप्प आहे, दिराला भिऊन गप्प आहे. आता त्या उंबऱ्यावर तिला दिसलं की ते एवढंच नव्हतं. सांत्वन घेतलं नाही तोवर वनीस पुरता मेला नव्हता. कुठंतरी पाटावर होता, उशीर झाला होता एवढंच. संध्याकाळी ती अजून त्याच्या वाटणीची भाकर झाकून ठेवायची आणि सकाळी कोंबड्यांना घालायची. हे शब्द बोलले की ती भाकर बंद. ते तिच्याच हातानं त्याला नावेत ठेवणं होतं. आणि त्याबदल्यात कोण बाहेर येणार? ज्याच्या हातात कुदळ होती तो. वनीस नाही. मेगल्ली.

आत धान्याच्या खोलीत रडणं थांबलं होतं. तोही ऐकत होता.

ती मनात येशूला म्हणाली, नको. एवढं माझ्याकडून नको मागू. तुझ्या आईकडून मागितलंस, पुरे झालं.

वाऱ्यानं पेटीचं झाकण हललं आणि अबूनांनी ते हातानं दाबून धरलं. शरबात वाट पाहत नव्हती. तिनं मान खाली घातली होती, उत्तर येणार नाही हे ठाऊक असलेल्या माणसासारखी, आणि तशीच बसून ती ताटातल्या भाकरीवरची वाळू बोटानं झटकत होती, एकेक कण, फबरोनियाची भाकर खराब होऊ नये म्हणून.

फबरोनियानं डोळे मिटले. मग गल्लीतल्या शेवटच्या फटीलाही ऐकू जावं इतक्या मोठ्यानं, आजवर कधी न फुटलेल्या आवाजात ती म्हणाली,

“तुझं आयुष्य उरो, शरबात. माझा वनीस मेला. माझा वनीस मेला गं! घेतलं मी सांत्वन, सगळ्यांनी ऐका, मी त्याच्या आईनं घेतलं. आता ती कडी काढ, आणि तुझ्या लेकाला म्हणावं, बाहेर ये. बापाला खांदा दे. दुसऱ्या बाजूला माझा यानी आहे.”